पद्मिनीचा रेडिएटर: कुर्ल्याची गाडी, घाटाचा चढ आणि हळदीची चिमूट

(भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, हा इतिहासाचा कार्यक्रम आहे की गॅरेजचा? कारण आज आपण बोलणार आहोत रेडिएटरबद्दल. गाडीच्या पुढच्या जाळीमागे जी पाण्याची दुसरी जाळी असते ना, तीच. माझ्यावर २०२३ च्या उन्हाळ्यात एक रेडिएटर निवडायची वेळ आली आणि त्या निवडीच्या मागे लागता लागता मी मुलुंडहून कुर्ल्याला, कुर्ल्याहून इटलीतल्या तुरीनला आणि तिथून जर्मनीपर्यंत जाऊन आलो. अर्थात पुस्तकांतून. प्रत्यक्षात आम्ही गेलो ते फक्त खंडाळ्याच्या घाटापर्यंत, आणि तिथेही पहिल्यांदा पोचलो नाहीच.

तर आधी तेच सांगतो.

घाटातली वाफ

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. १९८९ ची. बाबांनी १९९६ मध्ये सेकंडहँड घेतली. पंधरा वर्षं झाल्यानंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, आरटीओच्या फेऱ्या, हे सगळं करून बाबांनी ती जिवंत ठेवली. रोज वापरत नाहीत. रविवारी मुलुंडहून ठाण्यापर्यंत एक चक्कर, दसऱ्याला हार, एवढंच. पण २०२३ च्या मे महिन्यात त्यांनी काढलं, की वाईला कुलदैवताला जायचं आणि पद्मिनीनंच जायचं. आईनं हात जोडले, मी नाक मुरडलं, पण बाबांपुढे कोणाचं चालतं?

खोपोली मागे पडली, चढ लागला. दुसरा गिअर, मग पहिला. पुढे एक ट्रेलर रांगत होता, त्याच्या मागे आम्ही. सुई वर सरकायला लागली. बाबा म्हणाले, "होतं असं, शिंग्रोबापाशी थांबू." शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडं अलीकडेच बॉनेटखालून वाफ आली. गाडी बाजूला घेतली आणि मी घाईघाईत फडकं गुंडाळून रेडिएटरची टोपी फिरवली.

ही चूक कोणी करू नका. टोपी बंद असताना आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशाच्या वर जाऊनही ते उकळत नाही. टोपी सैल केली की दाब एका क्षणात जातो आणि तेच पाणी वाफ होऊन अंगावर येतं. माझ्या मनगटावर आणि तळहातावर फोड आले. आई रडायला लागली. बाबा एकदम गप्प झाले. त्या दिवशी अर्धा तास गाडी थंड होऊ दिली, सात-आठ बाटल्या पाणी ओतलं, आणि हळूहळू उताराला लागून परत आलो. वाई राहिलीच.

घरी आल्यावर मी जाहीर करून टाकलं, "बाबा, एक तर नवीन रेडिएटर, नाहीतर गाडी भंगारात." ते म्हणाले, "नवीन म्हणजे कोणता?" आणि इथून आजचा भाग सुरू होतो.

एलबीएस रोडवरचं तुरीन

ही गाडी ज्या रस्त्यानं आमच्या दारी आली, तो लाल बहादूर शास्त्री मार्ग. जुना आग्रा रोड. सायनकडून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करत मुलुंडला येतो. आज त्याच्या दोन्ही बाजूंना टॉवर आणि मॉल दिसतात. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी हा कारखान्यांचा रस्ता होता. भोंगा वाजला की रस्ता सायकलींनी भरायचा, असं बाबा सांगतात. ते स्वतः याच पट्ट्यात फिटर होते.

त्यातला कुर्ल्याचा कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली. वालचंद सोलापूरचे. जहाजांसाठी सिंधिया कंपनी, विमानांसाठी बंगळुरूचा कारखाना आणि मोटारींसाठी कुर्ला, असा त्यांचा आवाका होता. गंमत म्हणजे त्याआधी, बांधकामाच्या धंद्यात असताना, भोर घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं कामही त्यांनी केलं होतं. म्हणजे ज्या घाटात आमची गाडी उकळली, त्या घाटाचा कातळ या माणसानं आधीच पाहिला होता.

सुरुवातीला कुर्ल्यात क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली: डॉज, डिसोटो, प्लिमथ. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट या नावातला शेवटचा 'ट' म्हणजे तोरिनो, तुरीन शहर. आणि त्याच रस्त्यावर पुढे भांडुपला सीएटचा टायरचा कारखाना आला, १९५८ मध्ये. सीएट हे नावही मूळ तुरीनचंच. म्हणजे एका रस्त्यावर, काही किलोमीटरच्या अंतरात, तुरीनहून आलेली गाडी आणि तुरीनहून आलेला टायर. आणि ते बनवणारे हात कोकणातले, साताऱ्याचे, उत्तर प्रदेशातले.

१९६४ च्या सुमारास फियाट ११०० डिलाइट आली. तीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टीअरिंगला. बुकिंग केल्यावर गाडी हातात यायला वर्षं लागायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि चित्र बदलायला लागलं. तरी मुंबईच्या काळी-पिवळीनं पद्मिनीला सोडलं नाही. २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. आज कुर्ल्यात त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे, रस्त्याच्या नावात मात्र 'प्रीमियर' अजून टिकून आहे.

इथे एक प्रश्न पडतो. कारखाना बंद, पण गाड्या पुढे वीस-वीस वर्षं धावल्या. कशाच्या जोरावर? माझं उत्तर असं आहे की त्या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग उघडता येत होता. आणि त्याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे रेडिएटर.

पाणी इंजिनात आलं कुठून?

इंजिनात जेवढं इंधन जळतं त्यातली ढोबळमानानं पाव ते एक तृतीयांश ऊर्जा चाकापर्यंत जाते. साधारण तेवढीच धुरावाटे निघून जाते. उरलेली उष्णता इंजिनच्या धातूत साठते. ती काढली नाही तर हेड वाकतं, पिस्टन जाम होतो, संपलं.

कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीत, १८८५-८६ मध्ये, रेडिएटर नव्हताच. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, नवीन ओतायचं. १८८८ मध्ये त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, आणि पाणी तर सारखं भरत राहावं लागलं. म्हणजे मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवाससुद्धा पाण्याच्या बाटल्या शोधतच झाला. हे वाचल्यावर मला आमच्या शिंग्रोबाच्या वळणाचं फार वाईट वाटेनासं झालं.

खरी उडी मारली विल्हेल्म मायबाखनं. त्यानं आधी नळ्यांचा रेडिएटर केला, त्याला सुमारे १८ लिटर पाणी लागायचं. मग १९००-०१ च्या मर्सिडीज ३५ पीएस गाडीसाठी त्यानं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. सहा मिलिमीटर चौकोनी अशा ८,०७० छोट्या नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या, नळ्यांतून वारा आणि नळ्यांभोवती पाणी. पाणी लागायचं फक्त नऊ लिटर. म्हणजे निम्मं. सूत्र साधं: पाणी वाढवून उपयोग नाही, वारा आणि पाणी जिथे एकमेकांना भेटतात ती जागा वाढवा. आजही कुठलाही रेडिएटर निवडताना हेच बघायचं असतं.

आता आपल्या उपनगरांची एक गंमत. सायन आणि बांद्र्याच्या पलीकडे दक्षिणेत रिक्षा जात नाही, टॅक्सी जाते, हे आपल्याला माहीत आहे. पण आपली जुनी टू-स्ट्रोक रिक्षा पाण्याची नव्हतीच, वाऱ्यावर थंड होणारी. तिला रेडिएटर नाही. त्यामुळे घाटकोपर-अंधेरीच्या रिक्षावाल्याला रेडिएटरवाल्याकडे जायचं कारण नसायचं. ते गिऱ्हाईक टॅक्सीचं, ट्रकचं आणि बसचं. म्हणून रेडिएटरवाल्यांची दुकानं सापडतात ती ट्रकच्या आणि टॅक्सीच्या वाटेवर. कुर्ल्याचा सीएसटी रोड त्यातलाच.

आधी आजार ओळखा

मी मुलुंडमधल्या एका गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, अॅल्युमिनियमचा बसवून टाका, कटकट नको. मी तयार झालो. बाबा म्हणाले, "थांब रे. ताप आला म्हणून कोणी डोकं बदलतं का?"

त्यांचं बरोबर होतं. गाडी तापायची कारणं पुष्कळ. फॅनचा पट्टा सैल असेल. वॉटर पंप थकला असेल. होज पाइप आतून सोलून चिकटला असेल. टोपीची स्प्रिंग गेली असेल. हेड गॅस्केट उडालं असेल, मग पाण्यात बुडबुडे दिसतात. यातलं काही असेल तर नवा रेडिएटर घालून फक्त पैसे जातील.

आम्ही एकेक करून पाहिलं. पट्टा ठीक. पंप ठीक. बुडबुडे नाहीत. मग बाबांनी गाडी चालू करून गरम केली, बंद केली आणि कोरवरून पुढून हळूच हात फिरवला. वरचा भाग पोळत होता, खालचा डावा कोपरा जवळजवळ गार. म्हणजे त्या नळ्यांत पाणी फिरतच नव्हतं. कोर तुंबला होता.

आणखी एक शोध लागला. थर्मोस्टॅट जागेवर नव्हता! पूर्वी कुणीतरी काढून टाकलेला. अनेक गॅरेजांत हे सर्रास करतात: "मुंबईत थंडी कुठे, काढा तो." पण थर्मोस्टॅटचं काम इंजिनला योग्य तापमानाला लवकर आणणं आणि तिथे धरून ठेवणं हे आहे. तो नसेल तर इंजिन बराच वेळ गार राहतं, पेट्रोल जास्त पितं, झीज वाढते. घाटात गाडी उकळण्याचा दोष त्याचा नव्हता, पण परत बसवायचा हे ठरलं.

आणि घाटच का? लोक म्हणतात, उंचीवर पाणी लवकर उकळतं. खरं आहे, पण फरक किती? लोणावळा सवासहाशे मीटरवर. तिथे उघडं पाणी शंभराऐवजी सुमारे ९८ अंशाला उकळतं. दोन अंश. खरा त्रास वेगळा: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, उष्णता भरपूर, आणि गाडीचा वेग इतका कमी की समोरून वारा येत नाही. मुलुंड ते ठाणे सपाट रस्त्यावर निम्मा तुंबलेला कोरही निभावून नेतो. घाट त्याची परीक्षा घेतो. बरं, तो रस्ता १८३० मध्ये खुला झाला तो बैलगाड्या आणि घोडागाड्यांसाठी. शिंग्रोबापाशी नाणं टाकून पुढे जायची रीत पुढे मोटारवाल्यांनीही धरली. मला वाटतं त्यात श्रद्धा आहेच, पण गाडीला दोन मिनिटं दम खाऊ द्यायची सोयही आहे.

तीन वाटा

तर मंडळी, रेडिएटर बदलायचा हे नक्की झालं. आता तीन वाटा होत्या.

पहिली: भंगारातला जुना. २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्स्या शेवटच्या मोडीत निघत होत्या, त्यामुळे माल मिळत होता. आम्ही कुर्ल्याला गेलो. एक रेडिएटर अगदी आमच्यासारखा दिसला. बाबांनी खिशातून सुतळी काढली आणि मापं घेतली. खालच्या नळीचं तोंड थोडं मोठं, आणि जाडी इतकी जास्त की फॅनच्या पात्यापासून बोटभरही अंतर राहिलं नसतं. इंजिन हादरलं की पातं कोरमध्ये घुसणार. शिवाय जुना म्हणजे आतून कसा आहे ते दिसत नाही. दुसऱ्याचा तुंबलेला कोर विकत घ्यायचा कशाला?

तिथे आणखी एक समजलं. बऱ्याच टॅक्स्यांना सीएनजी किट होतं. सीएनजी मोठ्या दाबातून कमी दाबावर येतो तेव्हा प्रचंड गार पडतो, म्हणून त्याच्या रेग्युलेटरला इंजिनचं गरम पाणी दिलेलं असतं. म्हणजे पाण्याच्या वाटेला दोन जास्तीच्या नळ्या, चार जास्तीच्या क्लिपा. तुमच्या जुन्या गाडीला कधी काळी असं किट बसवून काढलं असेल तर त्या अर्धवट बंद केलेल्या नळ्या आधी तपासा. गळती तिथेही असते.

दुसरी वाट: नवा अॅल्युमिनियमचा. मापं देऊन बनवून मिळतो. आता इथे लोकांचा एक गैरसमज असतो. तांब्यातून उष्णता अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त वेगानं जाते, अॅल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच. मग अॅल्युमिनियम वाईट का? नाही. जुन्या रेडिएटरमध्ये नळ्या पितळेच्या, पट्ट्या तांब्याच्या आणि दोघांमध्ये शिसं-कथलाचा डाख. तो डाख आणि ते पितळ उष्णतेला अडवतात. अॅल्युमिनियमचा कोर भट्टीत एकसंध जोडलेला असतो, नळ्या रुंद करता येतात, आणि वजन फार कमी. १९७० च्या दशकापासून युरोपातल्या कंपन्या त्याकडे वळल्या ते वजन आणि खर्च या दोन कारणांनी. रोज चालणाऱ्या गाडीला मीसुद्धा तोच सुचवीन.

पण दोन अटी. एक, पाणी. अॅल्युमिनियमला साधं नळाचं किंवा बोअरचं पाणी चालत नाही. इंजिनमधलं बिडाचं लोखंड, पितळेचे तुकडे आणि अॅल्युमिनियम एकाच खारट पाण्यात आले की आधी अॅल्युमिनियम खाल्लं जातं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, तेही वेळच्या वेळी बदलून. दोन, दुरुस्ती. छिद्र पडलं तर घाटातल्या गॅरेजमध्ये डाख देता येत नाही. आणि ज्याला प्लास्टिकच्या टाक्या असतात तो फुटला की फेकायचाच.

तिसरी वाट: आपल्याच रेडिएटरचा कोर बदलणं. वरची-खालची पितळी टाकी, बाजूच्या पट्ट्या, बसवायची भोकं सगळं तेच, फक्त मधली जाळी नवी. खर्च नव्या अॅल्युमिनियमच्या निम्म्याहून जरा जास्त.

चाचांच्या दुकानात

कुर्ल्यात एका गल्लीत एक दुकान होतं. शटर अर्धं वर, बाहेर पाण्याची मोठी टाकी, आत अॅसिडचा आणि डाखाचा वास. दुकानाचे मालक मूळचे राजापूरकडचे, सत्तरीच्या घरातले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. त्यांनी रेडिएटर हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाले, "हो भरलेला हा. रिकामी जाळी इतकी जड नसता."

त्यांनी गॅसची ज्योत लावली, डाख वितळवला आणि वरची टाकी अलगद सोडवली. आत पांढरा थर, त्याखाली तपकिरी-पिवळा चिखल. नळ्यांची तोंडं निम्मी बंद.

चाचांनी बाबांकडे बघितलं. "बोअरचा पाणी?"

बाबा म्हणाले, "सोसायटीत पाणीकपात असायची. गाडीला कुठे चांगलं पाणी घालणार?"

"आणि हळद?"

बाबा काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "कशेडी घाटात. २००५ साली. बारीक गळत होता."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेडिएटर बारीक गळायला लागला तर त्यात मूठभर हळद टाकायची, हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहे. हळदीचे कण छिद्रात जाऊन फुगतात आणि गळती थांबते. खरंच थांबते. मला ती रात्र आठवते. मी कॉलेजात होतो, आजीला गावाहून मुंबईला दवाखान्यात आणत होतो. एका हॉटेलवाल्यानं डब्यातली हळद दिली आणि आम्ही पहाटे मुंबई गाठली. पण छिद्र बुजवणारी वस्तू नळी ओळखत नाही. ती दोन्ही बुजवते. घरी आल्यावर रेडिएटर काढून धुवायला हवा होता. आजीच्या धावपळीत राहिलं, आणि मग राहूनच गेलं.

आता तो चिखल हळदीचा किती आणि गंजाचा किती, हे कोण सांगणार? अठरा वर्षं झालेली. पण बाबांनी तो स्वतःवर घेतला. माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "म्हणजे हे माझ्यामुळे." मी म्हटलं, "बाबा, टोपी मी उघडली." आणि खरं सांगू, त्या हळदीनं आजी वेळेवर पोचली होती. तिचा हिशेब कशात धरायचा?

त्या क्षणी माझं ठरलं. कोरच बदलायचा. भावनेच्या भरात नाही, कारण सांगतो. ही गाडी वर्षाला हजारभर किलोमीटर चालणार. वजनाचा फायदा आम्हाला नको. टाक्या मूळच्या म्हणून मापाचा प्रश्नच नाही. आणि चालवणारा माणूस फिटर आहे, त्याला डाख कळतो. जो रेडिएटर आपल्याला उघडता येतो तो आपल्यासाठी चांगला. ज्याच्याकडे दुरुस्तीला माणूस नाही आणि रोज ऑफिसला जायचंय, त्याच्यासाठी उत्तर उलटं आहे.

चाचांना मी विचारलं, पुढच्या वेळी कोण करेल? ते हसले. मुलगा अॅपवरची टॅक्सी चालवतो. "तिचा रेडिएटर गेला तर तो डब्यातून नवीन काढता आणि बसवता. त्याका मी काय शिकवू?" हे ते तक्रार म्हणून बोलले नाहीत. तसं आहे, एवढंच.

काय तपासलं

कोणाला उपयोग होईल म्हणून क्रमानं सांगतो. जुन्या कोरमध्ये नळ्यांच्या जितक्या रांगा होत्या तितक्याच नव्यात घेतल्या. रांगा वाढवल्या की गाडी जास्त गार राहते असं नाही. मागच्या रांगेला तापलेलाच वारा मिळतो, आणि जाडी वाढून फॅन जवळ येतो. पट्ट्या फार दाट घेतल्या नाहीत, मुंबईची धूळ त्यात अडकते. दोन्ही होजची तोंडं जुन्याच मापाची. टोपीवर दाबाचा आकडा छापलेला असतो, तोच आकडा परत घेतला. जास्त दाबाची टोपी लावली की पाणी उशिरा उकळतं हे खरं, पण तो दाब जुन्या होजवर, पंपाच्या सीलवर आणि डाखाच्या सांध्यांवर येतो. मग चाचांनी तोंडं बंद करून, हवा भरून रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवला. एकही बुडबुडा नाही. ही चाचणी समोर उभं राहून करून घ्या.

कूलंट आम्ही जुन्या पद्धतीचं घेतलं. शिशाच्या डाखाला नवी, जास्त टिकणारी काही मिश्रणं मानवत नाहीत. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल रंग कंपनी देईल तो असतो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा.

परत घाटात

२९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनीची काळी-पिवळी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. त्या दिवशी बाबा सकाळपासून पेपर वाचत बसले होते. दुपारी म्हणाले, "दिवाळी झाली की वाईला जाऊ."

नोव्हेंबरात पहाटे पाचला निघालो. आईनं सहा बाटल्या पाणी घेतलं होतं आणि, मी पाहिलं, पर्समध्ये हळदीची पुडी. खोपोली गेली. चढ लागला. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. मी रस्ता बघतच नव्हतो, सुई बघत होतो. ती अर्ध्याच्या थोडी वर गेली आणि तिथेच थांबली. शिंग्रोबापाशी बाबांनी गाडी थांबवली, नाणं टाकलं. टोपीला कोणी हात लावला नाही.

परत आल्यावर बाबांनी एका कागदावर सगळी मापं लिहिली. कोरची लांबी, रुंदी, जाडी, नळ्यांच्या रांगा, होजची तोंडं, टोपीचा दाब, कूलंट घातल्याची तारीख. खाली एक ओळ: "बोअरचं पाणी घालू नये. हळद घातल्यास आठ दिवसांत कोर धुऊन घ्यावा." कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. मी विचारलं, "बाबा, हे कोणासाठी?" म्हणाले, "तुझ्यासाठी. चाचा नसतील तेव्हा कोणाला तरी दाखवायला लागेल ना."

तर मंडळी, तुमच्या घरात जुनी गाडी असेल, तर हा एक कागद तेवढा करून ठेवा. आणि एलबीएस रोडच्या कारखान्यांत काम केलेलं कोणी घरात असेल तर त्यांना बोलतं करा, आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.